अभ्यासिकेसाठी १०,००० रुपयांत इंग्रजी फँटसी आणि व्हॅम्पायर-प्रेमकथा: कोणत्या घ्याव्यात, कोणत्या क्रमाने?

वाघूरकाठ (प्रश्न)

राम राम मंडळी. चोपडा तालुक्यातल्या एका गावात मुलींची अभ्यासिका आहे. आठवी ते बारावीच्या चाळीसेक मुली येतात, निम्म्या सेमी-इंग्रजीच्या, उरलेल्या मराठी माध्यमाच्या. यंदाच्या वर्गणीतून १०,००० रुपये फक्त गोष्टीच्या पुस्तकांसाठी निघाले आहेत आणि मुलींची मागणी एकच: व्हॅम्पायर, लांडगा होणारी माणसं, ड्रॅगन, शापित राजपुत्र. रील्स बघून नावंही लिहून आणली आहेत. त्यातलं शाळकरी मुलींचं कोणतं आणि मोठ्यांचं कोणतं, हे मुखपृष्ठावरून काडीचंही कळत नाही. सगळीकडे सोनेरी वेलबुट्टी, मुकुट आणि खंजीर.

मालिका पूर्ण घ्यायच्या की सगळ्यांचे पहिले भाग? ५०० पानं न वाचता वयाला योग्य आहे का हे कसं ताडायचं? मराठी माध्यमाच्या मुलींनी सुरुवात कुठून करायची? आणि रस्त्यावर १५० ला मिळतात त्या प्रती घ्याव्यात का? "ट्वायलाइट घ्या, सगळ्यांना आवडतं" एवढंच उत्तर असेल तर कृपया नको.

पाटणादेवी

आधी यादीला कात्री लावा, पैशांचं नंतर.

रील्समधून आलेल्या यादीत 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' आणि 'फोर्थ विंग' असणारच. दोन्ही काढा. पहिलं २०१५ मध्ये तरुण वाचकांच्या विभागात आलं होतं खरं, पण २०२० मध्ये प्रकाशकानेच नवी मुखपृष्ठं चढवून मोठ्यांच्या विभागात हलवलं, आणि दुसऱ्या भागापासून शय्येवरचे प्रसंग उघडउघड आहेत. 'फोर्थ विंग' (२०२३) तर पहिल्या दिवसापासून मोठ्यांसाठीच. ड्रॅगन दिसले की लोक फसतात. तिथली नायिका वीस वर्षांची आहे, ही खूण उपयोगी पडते: यंग अडल्ट, म्हणजे 'वायए', कादंबरीत नायिका साधारण १५ ते १८ची असते. विशीतली दिसली की पुस्तक खाली ठेवून चौकशी करा.

खात्रीची जागा म्हणजे मुखपृष्ठ नव्हे, आतलं बारीक अक्षरातलं हक्कांचं पान. अमेरिकी प्रत असेल तर तिथे लायब्ररी ऑफ काँग्रेसची नोंद छापलेली असते. वर्गांक, म्हणजे पुस्तकाच्या वर्गीकरणाचा क्रमांक, 'पीझेड ७' ने सुरू होत असेल तर ते बाल-कुमार कथासाहित्य. मोठ्यांची अमेरिकी कादंबरी 'पीएस' खाली जाते. अलीकडच्या पुस्तकांत विषयांच्या आधी 'सीवायएसी' अशी चार अक्षरंही दिसतात, तीही मुलांच्या-तरुणांच्या पुस्तकांचीच नोंद. अडचण अशी की आपल्याकडच्या दुकानांत बहुतेक ब्रिटिश आवृत्त्या येतात आणि त्यांत "ब्रिटिश लायब्ररीकडे नोंद उपलब्ध आहे" एवढी एक कोरडी ओळ असते. मग दोन मार्ग. एक, लायब्ररी ऑफ काँग्रेसचा कॅटलॉग इंटरनेटवर फुकट आहे, तिथे नाव टाकून वर्गांक बघा. दोन, प्रकाशकाची छाप, म्हणजे पुस्तकावर छापलेलं त्याच्या शाखेचं नाव, बघा: ॲटम, हॉट की, इंडिगो या ब्रिटनमधल्या तरुण वाचकांच्या छापा. ब्लूम्सबरीच्या पुस्तकावर 'चिल्ड्रन्स' शब्द आहे की नुसतं 'ब्लूम्सबरी', हेही वाचा.

पण वर्गांक म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. वर काढून टाकलेल्या पहिल्या पुस्तकाच्या जुन्या प्रती तरुणांच्या म्हणूनच छापल्या होत्या. म्हणून दुसरी चाळणी लागते. कॉमन सेन्स मीडिया या संकेतस्थळावर वयाचा अंदाज मिळतो, स्टोरीग्राफवर वाचकांनी टाकलेले इशारे (रक्तपात, छळ, आत्महत्या, शरीरसंबंध) मिळतात. तिथे "काही वाचकांनी सौम्य म्हटलं" आणि "बहुतेकांनी तीव्र म्हटलं" यांत फार अंतर असतं, आकडे बघा. तिसरी चाळणी स्वतःची: ५०० पानांच्या प्रेमकथेत २५० ते २८० आणि ३५० ते ४०० ही पानं चाळा. नायक-नायिका जवळ येतात ते या दोन टप्प्यांत. पहिली ५० पानं सगळ्याच पुस्तकांत सोज्वळ असतात.

मुलींना नेमकं काय हवंय हेही विचारून घ्या. पॅरानॉर्मल रोमान्समध्ये प्रेम हाच कणा असतो. तो व्हॅम्पायर आहे ही अडचण, आणि शेवटी दोघं एकत्र येणार हा वाचकाशी ठरलेला करार. फँटसीत राज्य, युद्ध, जादूचे नियम हा कणा, प्रेम तोंडी लावायला. ज्या मुलीला पहिलं हवंय तिला दुसरं दिलं तर शंभराव्या पानावर "पण ते भेटतात कधी?" म्हणून पुस्तक परत येतं, आणि पुस्तक वाईट असा शिक्का बसतो.

शेवभाजी_मध्यम_तिखट

पाटणादेवींनी यादी छाटली, मी पैशांचं बोलतो.

भाव बदलत असतात, पण सरासरी ४०० धरा. १०,००० त २५ प्रती. आता २५ मालिकांचे २५ पहिले भाग आणले तर महिन्याभरात अभ्यासिकेत २५ अर्धवट गोष्टी लोंबकळत राहतील. यातले बहुतेक पहिले भाग मुद्दाम कड्याच्या टोकावर सोडलेले असतात. उलट आठ खंडांची एकच मालिका आणली तर तिसऱ्या खंडापुढे चार मुलीही पोचत नाहीत. म्हणून दोन ते पाच भागांत पूर्ण झालेल्या मालिकाच घ्या. 'पूर्ण झालेल्या' हे महत्त्वाचं. चालू मालिकेचा पुढचा भाग कधी येईल हे लेखिकेलाही माहीत नसतं.

'थ्रोन ऑफ ग्लास' (२०१२–२०१८) यादीत असेलच. कथासंग्रह धरून आठ पुस्तकं, शेवटचं जवळपास हजार पानांचं. 'द असॅसिन्स ब्लेड' हा पूर्वकथांचा संग्रह आधी वाचावा की मध्ये, यावर वाचकांत दोन तट आहेत. 'एम्पायर ऑफ स्टॉर्म्स' च्या आधी तो झालाच पाहिजे यावर मात्र एकमत. त्याच्या पुढचं 'टॉवर ऑफ डॉन' त्याच काळात दुसरीकडे घडतं, म्हणून काही जण दोन्ही समोर ठेवून एक प्रकरण इकडचं, एक तिकडचं असं वाचतात. शिवाय मालिका जसजशी पुढे जाते तसतशी मोठ्यांची होत जाते. आठवीच्या मुलीने सुरू केली की मध्येच तिच्या हातातून काढून घ्यावी लागेल. हा खटाटोप अभ्यासिकेला नको.

जुनी पुस्तकं घेणार असाल तर नावांची गंमत जाणून घ्या, नाहीतर एकच पुस्तक दोनदा घ्याल. 'शॅडो अँड बोन' २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये 'द गॅदरिंग डार्क' या नावाने आलं होतं. 'नॉर्दर्न लाइट्स' आणि 'द गोल्डन कंपस' एकच. हॅरी पॉटरच्या पहिल्या भागाचा 'फिलॉसॉफर' अमेरिकेत 'सॉर्सरर' झाला.

एक प्रत १५ दिवसांना दिली तर वर्षाला २४ मुलींच्या हातून जाते. चाळीस मुलींसाठी लोकप्रिय पहिल्या भागाच्या दोन प्रती पुरतात.

केळीबाग_रावेर

शेवभाजी, १५ दिवस कसे पुरतील? हिशेब करू.

'ट्वायलाइट' (२००५) मध्ये सव्वा लाखाला थोडे कमी शब्द आहेत. सेमी-इंग्रजीची मुलगी गोष्टीचं इंग्रजी मिनिटाला १०० शब्दांनी वाचते असं धरा. म्हणजे जवळपास १,२०० मिनिटं, २० तास. अभ्यास सांभाळून रोज अर्धा तास म्हटलं तर ४० दिवस. १५ दिवसांत पुस्तक मागितलं की ती शेवटचं प्रकरण वाचून परत करणार, नाहीतर मैत्रिणीकडून गोष्ट ऐकून. मुदत ४० दिवसांचीच ठेवा. मग एक प्रत वर्षाला नऊ मुलींना मिळते. म्हणजे पुस्तकांची नावं कमी आणि पहिल्या भागांच्या प्रती जास्त, असंच जमवावं लागेल.

भाषेचं. कोणतंही पान उघडा, साधारण ३०० शब्द असतात. अजिबात न कळणारे शब्द बोटांवर मोजा. पाच-सहापर्यंत ठीक, सुखाने वाचायला ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात असं भाषा शिकवणारे मानतात, तो हिशेब इथेच येतो. दहाच्या वर गेले तर ते पुस्तक सहा महिन्यांनी. मात्र ही मोजणी पहिल्या प्रकरणावर करू नका. फँटसीची पहिली ५० पानं सगळ्यांनाच जड जातात, कारण लेखिका नवे देश, नव्या जाती, नवी नावं एकदम ओतते. मधलं पान घ्या.

'शॅडो अँड बोन' मधल्या 'ग्रिशा' सारखा बनवलेला शब्द शब्दकोशात शोधत बसू नये, सापडणारच नाही. तो चार वेळा येऊ द्यावा, अर्थ आपोआप उलगडतो. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा कापून खूण म्हणून ठेवा: एका बाजूला माणसांची आणि गावांची नावं, दुसऱ्या बाजूला इंग्रजी शब्द. शब्द तिसऱ्यांदा भेटला तरच लिहायचा आणि बघायचा. पानामागे तीनहून जास्त शब्द बघितले की गोष्टीचा धागा सुटतो.

या प्रकारात तेच ते चाळीस-पन्नास शब्द सारखे येतात. ते आधीच फळ्यावर लिहून दिले तर अर्धं काम होतं. स्मर्क म्हणजे ओठांच्या कोपऱ्यातून मिजाशीत हसणं (हे नायक दर तीन पानांनी करतो). स्काउल, कपाळाला आठ्या घालणं. फ्लिंच, दचकून अंग चोरणं. श्रग, खांदे उडवणं. ब्रूड, मनात कुढत बसणं. ओळखीचे वाटणारे शब्द जास्त घात करतात. 'ग्लॅमर' म्हणजे इथे चकचकाट नाही, नजरबंदी. 'कोर्ट' म्हणजे कचेरी नाही, दरबार. लांडग्यांच्या गोष्टीत 'मेट' म्हणजे मित्र नव्हे, जन्माचा जोडीदार. व्हॅम्पायरने कोणाला 'टर्न' केलं म्हणजे वळवलं नाही, चावून आपल्यात ओढलं.

मराठी माध्यमाच्या मुलींना सुरुवात 'हॅरी पॉटर आणि परीस' या मराठी अनुवादाने करू द्या. फिलॉसॉफर्स स्टोनला 'परीस' हा शब्द इतका चपखल बसलाय की मूळ शीर्षक पाल्हाळ वाटावं. मग तेच इंग्रजीत: प्रकरणं १७ आहेत, एक प्रकरण आधी मराठीत, लगेच तेच इंग्रजीत. गोष्ट माहीत असल्याने सगळं लक्ष भाषेवर राहतं. त्यानंतर पर्सी जॅक्सन: मुलगा स्वतः सांगतो, प्रकरणं छोटी, वात्रटपणा भरपूर. मग 'ट्वायलाइट', कारण तिथेही 'मी' सांगते आणि वाक्यं साधी आहेत. 'सिक्स ऑफ क्रोज' शेवटी. तिथे प्रकरणागणिक निवेदन वेगळ्या पात्राकडे जातं, मुख्य पाच जण आळीपाळीने, आणि काळ मागेपुढे उडतो. इंग्रजी अवघड नाही, पण कोण बोलतंय याचं भान सुटलं की संपलं.

कोणाच्या फोनवर किंडल ॲप असेल तर पुस्तकाचा सुरुवातीचा साधारण दहावा हिस्सा नमुना म्हणून फुकट वाचता येतो. विकत घेण्याआधी तो चार मुलींना वाचायला द्या. काही पुस्तकांत 'वर्ड वाइज' सोय चालू केली की अवघड शब्दांवर सोपा इंग्रजी अर्थ बारीक अक्षरांत दिसतो.

फर्मा_मोजा

रस्त्यावरच्या १५० च्या प्रतींबद्दल कोणीच बोललं नाही.

घेऊ नका. लेखिकेचं आणि प्रकाशकाचं नुकसान होतं ते वेगळंच, पण निव्वळ व्यवहार म्हणूनही तोट्याचा सौदा. ओळखायचं असं: कागद एकतर झेरॉक्ससारखा पांढराफटक किंवा करडा आणि मागचं अक्षर पुढे दिसणारा. छपाई फोटो काढून केल्यासारखी, अक्षरांच्या कडा फुटलेल्या, ओळी पानाच्या एका बाजूला झुकलेल्या. मलपृष्ठावरचा आयएसबीएन आतल्या हक्कांच्या पानावरच्या आकड्याशी जुळत नाही. फँटसीची खास खूण म्हणजे नकाशा. खऱ्या प्रतीत सुरुवातीला दोन पानांवर पसरलेला नकाशा असेल तर नकली प्रतीत तो गायब असतो नाहीतर शिवणीत अर्धा गिळलेला. नकाशाशिवाय अशा गोष्टी वाचणं म्हणजे तापी कुठे आणि गिरणा कुठे हे न कळता पुराच्या बातम्या वाचणं.

सगळ्यांत वाईट म्हणजे फर्मा गळणं. पुस्तक १६ किंवा ३२ पानांच्या गठ्ठ्यांनी, म्हणजे फर्म्यांनी, बांधतात. नकली प्रतीत एखादा फर्मा दोनदा लागतो आणि त्याच्या शेजारचा लागतच नाही. २८८ नंतर एकदम ३०५ आलं, आणि नेमकं तिथेच कोण मेलं ते होतं, की मुलगी पुस्तक भिरकावून देते. खरी प्रत घेतानाही दुकानातच पानांचे आकडे दर १६ पानांवर तपासा, दोन मिनिटं लागतात.

दुसरं, आपलं ऊन. ही पुस्तकं ४००–६०० पानांची आणि नुसत्या डिंकावर उभी, शिलाई नाही. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली कपाट असेल तर कण्यावरचा डिंक कोरडा पडून तडकतो आणि पुस्तक बरोबर मधोमध दोन तुकडे होतं. कपाट पश्चिमेच्या भिंतीला आणि पत्र्याला लागून नको. नवीन पुस्तक पहिल्यांदा उघडताना मधूनच कडकन मोडू नये: टेबलावर कणा टेकवून उभं धरा, पुढची दहा पानं उघडून शिवणीवरून हलका अंगठा फिरवा, मग मागची दहा, पुन्हा पुढची, असं करत मध्यावर या. कव्हर पारदर्शक प्लास्टिकचं घाला, पण चिकटपट्टी पुस्तकाला लावू नका, फक्त प्लास्टिकला प्लास्टिक. चिकटपट्टी दोन उन्हाळ्यांत पिवळी पडते आणि उचकटताना मुखपृष्ठ घेऊन जाते. पान सुटलंच तर फेविकॉल काडीच्या टोकाने एक मिलिमीटर रुंद लावा आणि रात्रभर विटेखाली दाबा. जास्त लावला की शेजारची चार पानंही चिकटतात.

अस्तंबा_डोंगर

थोडं आशयाबद्दल, कारण पुस्तकं आली की पालक विचारतील, "हे भुताखेतांचं काय लावलंय?"

यातली निम्मी सामग्री आपल्या मुलींना घरचीच आहे. 'द क्रूएल प्रिन्स' (२०१८) मधली परीलोकाची माणसं खोटं बोलू शकत नाहीत, पण शब्द फिरवून फसवतात. त्यांच्या भुरळीपासून वाचायला माणसं जवळ मीठ बाळगतात. त्यांचं फळ खाल्लं की माणूस भान हरपतो. आणि युरोपातल्या जुन्या समजुतीप्रमाणे त्यांना लोखंड सोसत नाही. बाळंतिणीच्या उशाखाली विळा आणि दृष्टीला मीठ-मोहऱ्या बघितलेल्या मुलीला हे समजावून सांगावं लागत नाही. चकवा, मुंजा, साती आसरा माहीत असणं इथे भांडवल आहे. 'इंग्रजी पुस्तक' म्हणून बुजणाऱ्या मुलीला हे आधी सांगा.

'टायगर्स कर्स' (२०११) मुद्दाम बघा. अमेरिकी नायिका आणि शापाने वाघ झालेले भारतीय राजपुत्र. शाप तीनशेहून अधिक वर्षांचा, आणि राजपुत्राला दिवसातून फक्त २४ मिनिटं माणूस होता येतं. म्हणजे बरोबर एक घटका! भारत बाहेरून बघितलेला आहे, मुली जागोजागी हसतील. हसू द्या, तेही वाचनच.

लांडग्यांसाठी 'शिव्हर' (२००९). तिथे पौर्णिमेचा संबंध नाही, थंडी पडली की माणसाचा लांडगा होतो. प्रकरणांवर तापमान दिलंय ते फॅरनहाइटमध्ये, मुलींना सूत्र सांगून ठेवा: ३२ वजा करा, पाचाने गुणा, नवाने भागा. (भुसावळच्या मे महिन्यात हा नायक जन्मभर माणूसच राहिला असता आणि कादंबरी चाळीस पानांत आटोपली असती.)

आता खटकणाऱ्या गोष्टी. 'ट्वायलाइट' चा नायक १९०१ मध्ये जन्मलेला, १९१८ च्या साथीत मरता मरता व्हॅम्पायर झालेला, म्हणून कायम सतरा वर्षांचा. तो नायिकेला न सांगता रात्री तिच्या खोलीत येऊन ती झोपलेली असताना बघत बसतो, आणि पुस्तक याला प्रेम म्हणतं. पुस्तकावर बंदी घालू नका, पण दहावीच्या मुलींना थेट विचारा: गल्लीतला मुलगा असं वागला तर त्याला काय म्हणाल? चौथ्या भागात, 'ब्रेकिंग डॉन' (२००८) मध्ये, लग्नाची रात्र आडपडद्याने आहे, पण बाळंतपणाचा प्रसंग रक्तबंबाळ आहे. तो भाग अकरावीपासून पुढे.

त्यातले लांडगे होणारे लोक म्हणजे क्विल्यूट, ही अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ला पुश इथे राहणारी खरीखुरी जमात आहे. लांडग्यापासून माणूस झाल्याची उत्पत्तिकथा त्यांची स्वतःची, व्हॅम्पायरशी वैर मात्र लेखिकेने जोडलेलं. कोणी बाहेरच्याने पावरांच्या किंवा भिल्लांच्या याहामोगीच्या गाथेत अशी भर घातली आणि ती जगभर खपली तर कसं वाटेल, ही चर्चा नंदुरबारकडच्या मुलींसमोर फार चांगली रंगते.

एक शब्द जपून. 'विच' ची गोष्ट मुलींना सांगताना 'डाकीण' म्हणू नका, 'चेटकीण' म्हणा. सातपुड्यात डाकीण ठरवून जित्याजागत्या बायकांना मारहाण होते, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीही आहे. पुस्तकातली विच फॅशनदार असते. 'डाकीण' हा शब्द कोणाच्या तरी आजीच्या अंगावर उमटलेला असू शकतो.

अमरत्वाचंही तसंच. इंग्रजी पुस्तकांत ते प्रेमाचं बक्षीस आहे. आपल्या अस्तंब्याचा अश्वत्थामा भळभळती जखम घेऊन तेल मागत फिरतो, आणि दिवाळीला लोक तो डोंगर चढून जातात. दोन्ही गोष्टी एका तासिकेत शेजारी ठेवून बघा.

वाघूरकाठ

बठ्ठं वाचीसन झायं, भारी लिखेल शे. केळीबागांचा ४० दिवसांचा हिशेब डोक्यात ठेवून यादी केली आहे, तपासा:

हॅरी पॉटर पहिला भाग मराठी २, इंग्रजी १. पर्सी जॅक्सनचे पाचही भाग (२००५–२००९), पहिल्याची एक जादा, म्हणजे ६. ट्वायलाइट पहिला ३, पुढचे तीन एकेक, ६. क्रूएल प्रिन्स पहिला २, पुढचे दोन एकेक, ४. शिव्हरचे ३. सिक्स ऑफ क्रोज आणि क्रुकेड किंगडम, २. एकूण २४, ४०० प्रमाणे ९,६०० रुपये. उरलेले ४०० प्लास्टिक आणि फेविकॉलला.

शेवभाजी_मध्यम_तिखट

हिशेब बरोबर. माझे १५ दिवस मागे घेतले. ट्वायलाइटच्या तीन प्रती ४० दिवसांच्या मुदतीने वर्षाला २७ मुलींपर्यंत जातील, बाकीच्या एवढ्यात पर्सीवर असतील.

पाटणादेवी

दोन बदल सुचवते. 'शिव्हर' मध्ये प्रेमप्रसंग थोडे पुढे जातात, नववीच्या आधी नको वाटतं. त्या तीन जागी 'इन्फर्नल डिव्हायसेस' घ्या: 'क्लॉकवर्क एंजल' (२०१०), 'क्लॉकवर्क प्रिन्स' (२०११), 'क्लॉकवर्क प्रिन्सेस' (२०१३). १८७८ चं लंडन, यंत्रमानव, व्हॅम्पायर, दोन मित्र आणि एक मुलगी, तीन खंडांत गोष्ट पूर्ण. ही 'मॉर्टल इन्स्ट्रुमेंट्स' या सहा खंडांच्या मालिकेची पूर्वकथा, पण स्वतंत्र वाचता येते. पुढे कोणाला ती सहाही हवी झाली तर प्रकाशनाच्या क्रमानेच वाचा. पूर्वकथेतली काही माणसं तिकडे भेटतात आणि उलटसुलट वाचलं की दोन्हीकडची रहस्यं फुटतात. त्या मालिकेत सुरुवातीच्या खंडांत नात्याचा एक अवघड गुंता आहे, पालक बिथरतील असा. तो पुढे सुटतो, एवढंच सांगते.

दुसरं, 'सिक्स ऑफ क्रोज' मध्ये एका मुलीला विकून कुंटणखान्यात ठेवल्याचा भूतकाळ आहे. वर्णन संयत आहे, तरी त्यावर पेन्सिलीने '११ वी +' लिहा. 'शॅडो अँड बोन' ची तीन पुस्तकं त्याच जगातली आणि आधीच्या काळातली आहेत. ती न वाचता हे दोन भाग कळतात, पण त्या युद्धाचा निकाल इथे सहज बोलण्यात येऊन जातो. पुढच्या वर्षीच्या वर्गणीतून ती आणणार असाल तर मुलींना आत्ताच सांगून ठेवा, नाहीतर तेव्हा भांडायला येतील.

केळीबाग_रावेर

आणि ज्यांना इंग्रजी नकोच आहे त्यांचं काय? मराठीत व्हॅम्पायर हवा तर नारायण धारपांची (१९२५–२००८) 'लुचाई' आहे, स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट' वर बेतलेली. तिथे रक्तपिपासू प्रेमात पडत नाही, नुसता रक्त पितो. अकरावी-बारावीच्या मुलींना द्या, आणि रात्रीच्या लोडशेडिंगच्या वेळापत्रकाकडे बघून द्या. तालुक्याच्या किंवा जळगावच्या मोठ्या वाचनालयात धारप मिळतातच, त्यासाठी वर्गणी खर्चू नका.

वाघूरकाठ

शिव्हर काढलं, क्लॉकवर्कची तिन्ही घातली, आकडा २४ च राहिला. पुस्तकं आली की दर १६ पानांवर आकडे तपासायला बारावीच्या चार मुली बसवते.

फर्मा_मोजा

नकाशाचं पानही बघायला सांगा.